वाळू देणं

आमच्या इबुसुकीत मेलेल्यांना जाळतात.
पुरतो ती फक्त जिवंत माणसं,
दहा मिनिटांसाठी,
कानाशी समुद्र ठेवून.

एकोणतीस वर्षं झाली माझ्या फावड्याला.
म्हणजे फावडी बदलली तीन-चार; हातातला घट्टा तोच.
आधी खळगा. मग डोक्याखाली टॉवेलची घडी.
हात अंगालगत ठेवा, म्हणायचं, आणि पायांपासून वर
गरम, ओली, काळी वाळू द्यायची.
मानेशी आलं की फावडं आडवं, हलकं.
छातीवर जरा कमी. म्हाताऱ्यांच्या छातीवर त्याहून कमी.
बँकेचा साहेब असो की मासळीवाला,
वर नुसतं डोकं उरलं की सगळे सारखेच,
बाजारात मांडलेले भोपळे.
चिहाया हसते यावर. बावीस वर्षांची आहे, हसेलच.

दोन मिनिटांनी नाडी बोटांच्या टोकांशी येऊन ठोकायला लागते.
लोक घाबरतात. म्हणतात, खाली काहीतरी हलतंय.
मी सांगते, तुम्हीच आहात ते.

मार्चमध्ये एक बाई आली, गेंटहून. लिस्बेट.
उंच. खळगा वीतभर वाढवावा लागला.
पडल्या पडल्या बोलत होती,
चिहाया मला जपानीत सांगत होती:
फिनलंडात बर्फाला भोक पाडून पाण्यात उतरले,
मृत समुद्राचा चिखल फासून उन्हात वाळले,
केरळात कपाळावर तेलाची धार धरली,
आल्प्समध्ये नऊ दिवस तोंडातून शब्द नाही,
शिळा पाव, एकेक घास चाळीस वेळा.
बुडापेस्टला छातीभर गरम पाण्यात
म्हातारे बुद्धिबळ खेळतात,
त्यांच्या शेजारी बसून राहिले संध्याकाळपर्यंत.
सगळ्यांनी पांढरा झगा दिला, काकडीचं पाणी दिलं.
झोप कुणीच दिली नाही.

मला वाटलं, एवढी वणवण केल्यावर
कुणाला झोप लागेल?
पण गिऱ्हाईक आहे. गप्प राहिले.

मग ती म्हणाली, आणखी घाला.
असं कुणी म्हणत नाही.
लोक म्हणतात पुरे, जड होतंय, नाकाला खाज येतेय.
आणखी, ती म्हणाली. पोटावर.
एक फावडं घातलं.
आणखी.
चिहायाने माझ्याकडे बघितलं. मी घातलं.
आणि तिचे डोळे वाहायला लागले, सरळ कानांत.
हात वाळूखाली. पुसणार कशाने?
मीच पुसले टॉवेलच्या टोकाने.
घाम पुसतोच आम्ही, त्यात काय.
चिहायाने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही,
नुसती पोटावरची वाळू
वर जायची, खाली यायची,
मग हळू,
मग आणखी हळू,
मग चक्क घोरणं.

दहा मिनिटं झाली.
इमुता-सान दारातून मनगटावर टिचकी मारून गेले.
अकरा. भरती पहिल्या खांबाला टेकली.
बारा.
गरम वाळूत माणूस विसरायचा नसतो,
हे नव्या पोरींना मीच शिकवते.
तिच्या टाचांवरची वाळू थोडी सैल केली, वारा लागावा,
आणि घड्याळापुढे जाऊन उभी राहिले.
चौदाला उठवलं.

उठली तसा अंगावरून ढीग घसरला.
काहीतरी बोलली माझा हात धरून.
चिहाया म्हणाली, याचं जपानी मला येत नाही.
खळगा राहिला मागे, तिच्या मापाचा, वाफाळता,
टाचांपाशी खोल.
लगेच दंताळं फिरवायचं असतं.
पुढचा उभाच होता गाठ सावरत,
कुमामोतोचा दंतवैद्य.
फिरवलं.

रात्री खांद्याला औषधाची पट्टी चिकटवताना आठवलं,
तिला एक विचारायचं राहूनच गेलं:
बुडापेस्टचे ते म्हातारे,
मारलेली प्यादी ठेवतात कुठे?