शेरा

शहापुरात, माझ्या बाइंडिंगच्या दुकानात
समुद्र आला तो रिक्षातून,
तीन गोणपाटांत.
आंजेलीनबाई शेजारी बसलेल्या,
एक पाय गोणीवर रोवून.

"सरकारी बोटीच्या वह्या," म्हणाल्या.
"आमचे हे पर्सर होते, तेरेखोल बोटीवर.
बोटी बंद झाल्या तेव्हा हे सगळं रद्दीत निघालं.
ह्यांनी किलोच्या भावानं विकत घेतलं,
वर हमाली दिली."

मी बेळगावचा. माझा समुद्र म्हणजे
आंबोलीच्या वळणावर झालेली उलटी
आणि चौथीच्या सहलीतलं वेंगुर्ला.
वडील मात्र सांगायचे,
बोटीचं तिकीट इथंच मिळायचं, खडेबाजारात,
एकाच चिठ्ठीवर आधी मोटार, मग बोट.

वह्या उघडल्या. पानं एकमेकांना चिकटलेली.
जीभ लावून बघितली, यल्लेशचं लक्ष नाही असं बघून.
खारट नव्हती. नुसता कागद.

दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी,
विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला.
प्रत्येकासमोर चढले किती, उतरले किती,
आणि उजव्या कडेला बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.

'देवगड. लाट फार. पडाव आले नाहीत. उतारू मालवणास.'
'जयगड. एक म्हातारी उतरण्यास राजी नाही. वीस मिनिटे उशीर.'
'मुसाकाजी. चढले ०. उतरले ०. भोंगा दिला.'

हा मी यल्लेशला वाचून दाखवला.
त्यानं कटिंगचं चाक थांबवलं.
"यारू इल्ला, मग भोंगा कशाला गा?"
मी म्हटलं, तू खळ ढवळ.

प्रत्येक वहीत मध्येच पानंच्या पानं कोरी.
आमच्या धंद्यात कोरं पान म्हणजे नुसती जाडी,
दोरा जास्त, पुठ्ठा जास्त, पैसे जास्त.
मी ती उसवून काढली, बाईंचेच पैसे वाचावेत म्हणून,
आणि नातवंडांना कच्च्या कामाला
एक फुकट पॅड बांधून ठेवलं.

गुरुवारी बाई आल्या. पॅड हातात घेतलं.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "ही जिथली तिथं घाल बाबा.
जून ते सप्टेंबर बोटी बंद.
हे घरी असायचे, खानापूरला.
कौलं शाकारायचे, माझ्याशी भांडायचे."
आणि जरा हसून, "माझी तिन्ही पोरं एप्रिल-मेची."

त्या गेल्यावर मी एप्रिल शोधला.
तीन वह्या, अर्धा दिवस.
'वेंगुर्ला. चढले ६१. उतरले ४०. तार आली. मुलगी.'
त्यावर तांबड्या शाईची रेघ, कुणा साहेबाची सही:
'खासगी मजकूर लिहू नये.'
पुढच्या वर्षी मेमध्ये, त्याच बंदराला:
'तार आली.' एवढंच.
तिसऱ्याचं पान वाळवीनं खाल्लंय.

पॅड सोडवलं. पानांवर आकडे नव्हते,
भोकं जुळवून जुळवून जून जागेवर घातला,
जुलै घातला.
कुठला जुलै कुठल्या सालचा, खात्री नाही.
ते बाईंना सांगितलं नाही.

पाठीवर सोनेरी अक्षरं कुठल्या लिपीत टाकू, विचारलं.
आमच्या दुकानाच्या पाटीवर
कुणीतरी डांबर फासलंय, अर्ध्या अक्षरांवर,
ते त्यांनी मान वर करून वाचलं, जेवढं वाचता आलं तेवढं.
"बोटीला डांबर खालून लावायचे," म्हणाल्या.
"तू नुसती सालं घाल."

सतरा खंड झाले. सरकारी संग्रहालयाला दोन पत्रं गेली,
एक बेंगळुरूला, एक मुंबईला.
मुंबईनं लिहिलं, संबंधित विभागाकडे पाठवावे.
बेंगळुरूचं अजून यायचंय.
तोवर दुकानातच आहेत, वरच्या फळीवर, डांबरगोळ्या घालून.

काल रात्री शटर ओढताना गल्लीत कुणी नव्हतं.
यल्लेशनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले
आणि पोटातून लांब भोंगा दिला.
कुत्री उठली.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी घातली,
कुठल्या भाषेत ते नीट कळलं नाही.