फेरिटिन चार

नाव आम्हीच ठेवलं: मृण्मयी.
खरंच माती खाईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डंडीत, तिसऱ्या मजल्यावर, जानेवारीत
दुपारी साडेतीनला घरात दिवे लागतात.
खिडकीतल्या जिरेनियमची कुंडी
रोज बोटभर खाली चालली होती.
मला वाटलं, मांजर.
आमच्याकडे मांजर नाही.

मग एकदा सोफ्यामागे सापडली,
हनुवटीवर काळा ओघळ,
दोन वर्षांची, शांत,
पोथीला बसल्यासारखी.
तोंड उघड, म्हटलं.
उघडलं तिनं.
विश्व वगैरे काही दिसलं नाही.
हिरड्या दिसल्या, पांढुरक्या,
धुऊन धुऊन विटलेल्या झबल्यासारख्या.

दूध मात्र प्यायची हो.
दिवसाला चार बाटल्या, कधी पाच.
भाताला ओठ घट्ट, वरणाला मान फिरलेली,
दूध म्हटलं की दोन्ही हात पुढे.
नांदेडहून सासूबाई फोनच्या पडद्यावर बघत,
बाळसं कसं धरलंय, दृष्ट काढ गं, म्हणत.
मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.
इंडक्शनच्या शेगडीत विस्तव कुठला,
सिंकमध्ये सोडल्या.

मॉराग आली, लहान मुलांची नर्स,
वाऱ्यानं केस विस्कटलेले, कोट ओला.
पोरीची खालची पापणी ओढून पाहिली,
नखं पाहिली, डायपरची चौकशी केली:
किती दिवसांनी, किती घट्ट.
इतकी आस्थेनं चौकशी
आमच्याकडे फक्त आजोबांची व्हायची.

मग रक्त. एवढंसं.
आकडा आला, फेरिटिन चार.
चार म्हणजे किती, मी विचारलं.
ती म्हणाली, डब्याचा तळ खरवडून झालाय.
दूध चांगलंच, पण इतकं नको,
त्यानंच पोट भरतं,
मग लोह यायचं कुठून?
रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.

रात्री ड्रॉवर उघडला.
पोटात होती तेव्हाच्या माझ्या गोळ्या,
तीन पाकिटं, चांदीचा कागद न फुटलेला.
मळमळायचं मला. उद्या घेईन, म्हणायचे.
शेवटच्या तीन महिन्यांत आई म्हणे
लेकराला लोह बांधून देते,
पुढच्या वाटेची शिदोरी.
मी ओटी रिकामीच भरली.

आणि आठवलं,
चौथीत पाटीवरची पेन्सिल खायचे मी.
कुरकुरीत, थंड,
ओल्या भिंतीच्या वासाची.
बाईंनी बाकावर उभं केलं होतं.
रक्त कुणी पाहिलं नाही.

आता सकाळी थेंब, संत्र्याच्या रसातून.
दातांवर राखाडी रेघ, डायपरमध्ये डांबर.
नवरा म्हणतो, एवढ्यात रस्ता होईल.
विमानात दोन किलो वजन खाऊन आलेली
लोखंडी कढई माळ्यावरून खाली उतरली.
तिच्यात इथला केल,
माठाचा कुणी आडदांड चुलतभाऊ,
लसूण घालून, लिंबू पिळून.
थुंकला.
थुंकला.
माझ्या ओढणीला पुसला.
कितव्यांदा कोण जाणे, एका मंगळवारी गिळला,
आणि मी गॅलरीत जाऊन
उगाच नदीकडे बघत राहिले.

मार्चमध्ये कुंडी पुन्हा काठोकाठ भरली.
तिकडे ती आता फिरकत नाही.
काल घरात सामसूम होती,
मीच चिमूटभर माती जिभेवर ठेवली.
पिशवीतली, विकतची, फिकी माती.
हिच्यात काय सापडत होतं तिला?
की नुसतंच शोधत होती?

मागे वळले तर दारात उभी,
कमरेवर हात, गालाला केलचं पान.
आई, म्हणाली,
तोंड उघड.