शुद्धिपत्र

आमच्या लॅबमध्ये वेळ थांबवायचं औषध आहे,
फ्रिजच्या दुसऱ्या खणात, फॉइलमध्ये गुंडाळून.
पेशी दुभंगायला निघते,
गुणसूत्रं मधोमध रांग धरतात,
दोन टोकांकडून दोर येतात ओढायला,
तेवढ्यात मी दोन थेंब सोडते.
दोर विरघळतात. रांग उभीच.

बागवान मॅडम सांगायच्या, हे सत्त्व कळलावीतही असतं.
सिंहगडाच्या वाटेवर श्रावणात कुंपणांवर पेटलेली असते ती,
लाल-पिवळी, नखं उलटी वळवलेली.
बाई अडली की तिचं मूळ उगाळून लावत,
कळा याव्यात, एका जिवाचे दोन व्हावेत म्हणून.
आम्ही ते वापरतो
एकाचे दोन होऊ नयेत म्हणून,
निदान फोटो निघेपर्यंत.

मग थेंब काचेवर टाकायचा, वीतभर उंचीवरून.
जुलैत छान पसरतो.
एप्रिलमध्ये कर्वे रोडची हवा इतकी कोरडी
की काचेवर आधी तोंडाची वाफ सोडावी लागते,
चष्मा पुसताना सोडतो तशी.

अप्पांनी चाळीस वर्षं प्रुफं तपासली,
शनिवार पेठेत, छापखान्याच्या पोटमाळ्यावर.
पंचांगं, लग्नपत्रिका, बँकांचे अहवाल.
दूधवाल्याच्या बिलातली वेलांटी सुधारून
मगच पैसे द्यायचे.
त्यांना एकदा समजावलं होतं :
शिडी मधोमध उसवते,
प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा बसतो.
एक सलग विणला जातो,
दुसरा उलटा, तुकड्यातुकड्यांनी, मागाहून सांधलेला.
"म्हणजे एक कंपोझिटर डावरा."
सहाशे कोटी अक्षरं, अप्पा, आठेक तासांत.
"एका पाळीत?"
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग,
"प्रुफं कोण बघतं?"
तेच यंत्र. चुकलं की एक पाऊल मागे येतं,
अक्षर उपटतं, बरोबरचं बसवतं.
"स्वतःचं स्वतः? मग चुका राहणारच."
मागून आणखी दोघं-तिघं वाचतात.
"हां. मग ठीक."

यंदा मार्चमध्ये आलेला नमुना : अस्थिमज्जा,
पुरुष, वय एकाहत्तर, शिधये म. वि.
नियमाप्रमाणे मी तो दुसऱ्या टेबलावर दिला.
संध्याकाळी रोशनीने खुर्ची मागे सरकवली,
म्हणाली, ये, तूच बघ.
वीस पेशी. विसांतही तेच.
नऊ नंबर लांबलेला, बावीस आखूड.

अक्षर एकही चुकलेलं नव्हतं,
ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी.
फक्त दोन ओळींची टोकं तुटून
भलत्याच ओळींना चिकटलेली,
आणि सांध्यावर एक नवंच वाक्य :
दुभंग दुभंग दुभंग
आज्ञार्थी, पूर्णविराम नसलेलं.

अप्पांनी फोटो खिडकीशी नेला. भिंग मागितलं.
अंगठा सरकवत जोड्या मोजल्या.
मी काही सांगायच्या आत
नवाशी थांबले, बावीसकडे गेले, परत आले.
खिशातलं लाल पेन काढून
समासात ती नागमोडी खूण केली,
'अदलाबदल करा'वाली.
"नजरेतून सुटलं," म्हणाले,
त्या रात्रीच्या पाळीवर तेच असल्यासारखे.

आता रोज जेवण झालं की एक गोळी.
ती चूक दुरुस्त करत नाही, मी सांगितलं,
ते वाक्य फक्त मोठ्याने वाचू देत नाही.
"म्हणजे शुद्धिपत्र," अप्पा म्हणाले.
"बांधणी झाल्यावर चिकटवतात ते. वाचतं कोण?"

तरी पावणेनऊला पेला स्वतः भरून घेतात.
काल खोक्यावरची सूचना वाचत बसले होते.
'मुलांपासुन दूर ठेवा.'
'सु' पहिला.
कंपनीला पोस्टकार्ड गेलंय.