आधी काय तुटतं

एप्रिलची अखेर. सेंट जॉन नदीतला बर्फ फुटून वाहून गेलेला,
पलीकडचा कॅनडा पुन्हा पाण्यापलीकडे,
आणि आमच्या यार्डात घोटाभर चिखल.
ओडील थिबोडो आली, हातात शिवणकामाची टेप.
ट्रेलरवर बांधून आणलेल्या आपल्याच छोट्या ट्रॅक्टरची
मागची चाकं तिनं मोजली, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.
बावन्न इंच.
टेपेवर नख रोवून तशीच आत आली,
जणू आकडा सांडेल.

विक्री ऑरेलकडे. मी सुट्या भागांच्या खिडकीवर.
ऑरेलनं आधी सहा फुटी रोटाव्हेटर दाखवला,
नारिंगी, बोहल्यावर चढल्यासारखा.
"दोन फेऱ्यांत बाग उरकेल."
"माझा ट्रॅक्टर पंचवीस घोड्यांचा," ती म्हणाली,
"मागच्या शाफ्टपर्यंत पोचतात त्यातले अठरा.
त्यांना हा ओढायला लावला
तर बागेआधी घोडे उरकतील."

मग चार फुटी. पण चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस,
आणि तिचं नख बावन्नवर.
भुसभुशीत मातीच्या दोन्ही अंगांना चाकाचा वळ राहणार,
नुकत्या घातलेल्या पलंगपोसावर
कुणी बुटांसकट बसून उठावं तसा.
मी खिडकीतून म्हटलं, एका बाजूला सरकवून जोडता येतो.
एक वळ लगेच पुसेल, दुसरा पुढच्या फेरीत.
तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.
नख टेपेवरून उचललं.

पाती उलटी फिरणारी हवीत की सुलटी?
"उलटी," ऑरेल म्हणाला, "माती लोण्यासारखी होते."
"तुझं शेत नदीकाठचं, बाबा.
माझं वरच्या अंगाचं. तिथं काही पेरा, न पेरा,
दर वसंतात दगड उगवतात.
हिवाळा खालून ढकलतो एकेक,
बटाट्याएवढे, पावाएवढे,
एका वर्षी तर वासराच्या डोक्याएवढा.
उलटं पातं तो उचलून स्वतःच्याच घशात घालतं.
सुलटं निदान उडी मारून पुढे जातं."

राहिला प्रश्न क्लचचा की बोल्टचा.
"क्लच घ्या," ऑरेल म्हणाला,
"दगड लागला की घसरतो. काही तुटत नाही, उतरावं लागत नाही."

तिनं टेप गुंडाळली. फार सावकाश गुंडाळली.

"ओनेझीमच्या जुन्यावर क्लचच होता.
दर वसंतात सैल करून, एकदा घसरवून, पुन्हा आवळायचा असतो.
शेवटची तीन वर्षं त्याला वाकवत नव्हतं
आणि तो सांगत नव्हता.
चकत्या गंजून एकमेकींना चिकटल्या.
दगड लागला तेव्हा काहीच घसरलं नाही.
शाफ्टचा झाला पिळलेला पोतेरा,
गिअरबॉक्सला तडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी स्वयंपाकघरात होते.
मला वाटलं, नदी पुन्हा फुटली."

मग खिडकीशी येऊन तिनं मला विचारलं,
"यात आधी काय तुटतं?"

असं गिऱ्हाईक विचारत नाही.
गिऱ्हाईक विचारतं, किती टिकेल.
मी खणातून एक बोल्ट काढून तिच्या तळहातावर ठेवला,
करंगळीएवढा, मऊ पोलादाचा, सव्वा डॉलरचा.
"हा. हा तुटतो म्हणून बाकीचं राहतं.
मात्र याच्या जागी कडक बोल्ट घालू नका.
लोक वैतागून घालतात."
"ठाऊक आहे," ती म्हणाली,
"आमच्याकडे सगळे कडकच होते."

चार फुटी, सुलट, एका अंगाला सरकवलेला.
आणि डझनभर बोल्ट, कागदी पिशवीत.

जूनमध्ये परत आली, मुरंब्याची बरणी घेऊन.
आत तुटलेले अर्धुके, खळ्ळकन वाजणारे.
"बदलून मिळतात का?"
ऑरेल हसला. तीही हसली, आणखी डझन घेतले.

बरणी विसरली की ठेवून गेली, कळलं नाही.
अजून माझ्या खिडकीत आहे.
कुणी विचारलं, किती टिकेल,
की मी ती उचलून जराशी हलवतो.