बसलेला आवाज

दिवाळीच्या सुट्टीत वाशीच्या डॉक्टरांनी
माझ्या गळ्यातून दोन गाठी काढल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या.
"इतकी वर्षं करता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.
मी बोटानं हवेत लिहिलं: पाचवी ब.

मग मौन.
कुजबुजायचंही नाही, ते म्हणे ओरडण्याहून वाईट.
तेल तापलंय, चकल्या सोडा,
हे मी झारा ताटलीवर वाजवून सांगितलं.
सासूबाई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या,
यंदा घर कसं देवळासारखं वाटतंय.
राग आला. तोही गिळला, कोमट पाण्याबरोबर.
आता रोज दहा मिनिटं बोलायची मुभा,
मोजून.

आज दुसरं सत्र.
दिघ्याची शाळा, दुसरा मजला, टोकाची खोली.
फळ्यावर अजून ऑक्टोबरचीच तारीख
आणि कुणीतरी रंगीत खडूनं काढलेली पणती,
ज्योत पणतीच्या तिप्पट.
बाकांवर खदाणीची पांढरी धूळ,
बोटानं गिरवता येईल अशी.
खिडकीत पारसिकचा डोंगर,
त्याच्या कुशीतला कापलेला भाग
गवत वाळल्यावर पुन्हा दिसायला लागलेला.

चाळीस जण आत आले
तीन आठवड्यांचं बोलणं तोंडात धरून.
कुणाचा अंगठा भुईनळ्यानं भाजलेला,
कुणाचे बूट दोन नंबर मोठे, पुढच्या वर्षीसाठी,
अल्फियाला भाऊ झालाय,
सुमीत राठोड विजापूरला जाऊन आला
आणि मामाच्या म्हशीनं त्याला ओळखलंच नाही.
सगळं एकदम.
मी तोंड उघडलं.
डब्याचं झाकण निघावं तसा आवाज निघाला,
थोडी हवा, थोडं पीठ.

माझा आवाज बसला होता
आणि वर्ग उभाच होता.

पणतीच्या बाजूला जागा करून लिहिलं:
बाईंचा घसा दुखतोय.
मागून मंगेश पाटकर म्हणाला,
"बाई, तो घ आहे की ध?"

हजेरीपट उघडला, मिटला.
तेव्हा नागम्मा उठली.
बाप खदाणीवर, आई कपड्यांच्या गोदामात,
जूनमध्ये कलबुर्गीकडून आलेली.
पाच महिन्यांत 'हजर'पलीकडे
मी तिचा एक शब्द ऐकला नव्हता.
प्रगतिपुस्तकात माझाच शेरा: बोलत नाही.

तिनं पट उचलला,
नसलेला पदर खांद्यावर सारखा केला,
दोनदा खाकरली, आणि

"ए, मासळीबाजार भरलाय का इथे?"

माझा आवाज.
चिरका, शेवटाला वर चढणारा,
'बाजार'मधल्या 'जा'वर टेबलाला पट्टी मारणारा.
वर्ग झटकन बसला.
मीही बसले.

एकेक नाव घेत गेली ती.
आडनावं तिच्या तोंडात जराशी कानडी होत होती,
पण मंगेशला "वडलांना बोलावू का?"
आणि पूनम निषादला "बाहेर काय सिनेमा लागलाय?"
हे जिथल्या तिथे.
मध्येच थांबून तिनं रुमालानं ओठांचे कोपरे टिपले.
मी असं करते?
पोरं खिदळली. म्हणजे करते.

अठ्ठाविसाव्या नंबरवर बोट ठेवून
ती माझ्याच आवाजात, माझ्याच घाईत म्हणाली,
"नगमा."
कुणी उत्तर दिलं नाही.
मग पट खाली ठेवून
दुसऱ्याच आवाजात, कुठल्याशा विहिरीच्या पायऱ्या उतरत,
'म'वर क्षणभर टेकून:
"नागम्मा. हजर, बाई."

पाच महिने मी कुणाला हाक मारत होते?

दहा मिनिटांतला पहिला शब्द मी तिथे खर्च केला.
दोन्ही म सकट.
जरा फाटका निघाला.
तिनं मान वाकडी करून ऐकला, माझ्यासारखीच,
वही तपासताना मी करते तशी,
आणि पुढचं नाव घेतलं.

पंखा लावायला सांगायचं राहिलं.
कुणीतरी लावला.
वीस-बावीस दिवसांची धूळ आमच्या सगळ्यांच्या केसांवर.