वीत आणि दोन बोटं

शोरूमच्या फरशीवर गुडघे टेकून
मी गाडीच्या पोटाखाली हात घातला,
गाभण म्हशीला तपासताना घालते तसा.
वीत, आणि वर दोन बोटं.
"ब्रोशरमध्ये आहे ते, मॅडम," शिंगटे म्हणाला.
असेल.
आधीची गाडीही ब्रोशरमध्ये उंचच होती.
अंधारीच्या पुढे एका दगडानं तिचं चेंबर फोडलं,
ऑईल सगळं लाल मातीनं पिऊन टाकलं.
त्या रात्री चार किलोमीटर चालले,
खांद्यावर बॅग, हातात दोर.
पोचले तेव्हा गाय चाटत होती
न हलणारं वासरू.

शिंगटेनं छताची काच सरकवून दाखवली.
हायवेवरचं धुरकट आभाळ दिसलं.
मी म्हटलं, डिकी उघड.
घरून नत्राचं कंटेनर आणलं होतं,
रिकामं, दहा लिटरचं, उभंच राहावं लागणारं.
पहिल्या गाडीत त्याची मान अडली,
दुसरीत झाकण घासलं,
तिसरीत राहिलं उभं,
लग्नघरातल्या परक्या पाहुण्यासारखं
अवघडून, पण उभं.

नवऱ्याचा फोन : मायलेज विचार.
सासऱ्यांचा : पांढरी घे, विकताना भाव येतो.
मला विचारायचं होतं, की पौषात
पहाटे साडेपाचला कासच्या वाटेवर
धुकं बॉनेटवर येऊन बसतं
तेव्हा हिला दिसतं काय?

शिंगटे जरा वेळ गप्प.
"उद्या पहाटे या. मॅनेजरला सांगू नका."

यवतेश्वरचा घाट. हीटरला नव्या प्लास्टिकचा वास.
पेट्रीच्या पुढे रस्ता संपलाच.
मी अप्पर लावला,
तर समोर चुना दिलेली भिंत.
"डिपर, डिपर. आणि काच खाली घ्या.
हितं कानानं चालवायची."
आवाज शोरूममधला नव्हता.
"मी पाण्यापल्याडचा. बामणोलीतनं लाँचनं जावं लागतं."

गार धार कानात शिरली. मग एक श्वास,
माझा नव्हे, त्याचा नव्हे.
ब्रेक.
गवा. रस्त्यात आडवा,
पायांत पांढरे मोजे,
दवानं भिजलेला खांदा बॉनेटच्या वर.
इंजिन बंद करून आम्ही बसलो.
तो आम्हाला मोजत होता बहुतेक,
कशानं ते कळलं नाही.
मग उताराला लागला, घाई न करता,
चाकोरीत शेणाचा पो टाकून.
मी सवयीनं उतरून पाहिलं.
पचन उत्तम होतं.

परतताना शिंगटे म्हणाला,
"टॉपचं मॉडेल नका घेऊ.
मोठी चाकं, पातळ टायर, दगडाला फाटतात.
खालचं घ्या. लोखंडी रिम.
वाकली तर मेढ्यात कुणीबी ठोकून देतंय.
स्टेपनी पूर्ण मापाची मागा."
आणि तुझं कमिशन?
त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली.
"आमच्याकडं गाडी येतच नाही, मॅडम."
लाँचमध्ये कंटेनर उभं राहतं का?
"धरावं लागतं. मी धरलंय."

खालचंच मॉडेल घेतलं.
रंग? लवकर मिळेल तो.
तरी सहा आठवडे लागतील, म्हणे,
तोवर थंडी सरेल.
सरू दे.
तोवर मोटरसायकल, कानटोपी,
आणि डिपर.
पुढच्या पौषातही गायी
रात्रीच अडतील.