निदान

केयोनच्या धक्क्यावर आज वारा असा
की दवाखान्याचं दार आम्ही दोघींनी मिळून लावलं.

एलियाना मिय्यालोंको, वय तेवीस.
मांडीवर गास्पार, साडेपाच महिन्यांचा,
तोंड लावतो, धनुष्यासारखा मागे वाकतो,
रडतो, पुन्हा शोधतो, पुन्हा मान फिरवतो.
"माझ्या हातांना माशाचा वास येतो का, डॉक्टर?"
सामनच्या कारखान्यात ती अजून रुजूही झालेली नाही.
सोमवारी होणार आहे.

काटा म्हणतो सहा किलो नऊशे.
काटा म्हणतो काही बिघडलेलं नाही.
काट्याचं काय जातं,
पहाटे तीनला ओट्याशी उभ्याने रडणारी बाई
त्याने कुठे तोललीय.

बाळ सोडतं म्हणून ती आक्रसते,
ती आक्रसते म्हणून बाळ सोडतं.
पुस्तकात बाळाचं प्रकरण वेगळं, आईचं वेगळं,
मध्ये अडीचशे पानं.

"डब्याचं सुरू कर" म्हटलं, तर ऐकेल: कमी पडलीस.
"पाजत राहा" म्हटलं, तर: कमी पडत राहा.

कोपऱ्यातून सासू, दोन्या एर्मेलिंदा,
पुदिन्याचं पाणी सुचवते. मग मला,
"तुम्हाला किती?"
"नाहीत."
ती मान हलवते. दुखणं सापडल्यासारखी.

खणात रजेचे फॉर्म आहेत.
'गंभीर रिफ्लक्स' एवढं लिहिलं
की आईला घरी राहता येतं.
गुळणी तर प्रत्येक तान्हं टाकतं, गास्पारही टाकतो,
'गंभीर' तेवढं माझ्या पेनातलं.
थकव्याचा कागदही आहे, पण त्यावर तिचं नाव लागतं.
"माझं नको. वेडी म्हणतील."

आणि खोटं खरं दिसायला औषध लिहावं लागतं.
ते ती मोजून, दिवसातून तीनदा, चमच्याने पाजेल,
आणि चौथ्या दिवशी
पोर आजारी आहे यावर तिचाच विश्वास बसेल.
मागच्या वर्षी असे एकवीस लिहिले मी.
किती जणी अजून बाटली हलवून पाहत असतील.

गास्पार झोपला. कुणी काही मागत नसताना
तिच्या स्वेटरवर ओला डाग उमटतोय, रुंदावतोय.
तिला कळलेलं नाही. सांगू?

फॉर्मवर छापलंय: निदान, आणि पुढे रेघ.
"पंधरा दिवस तरी," ती म्हणते, "निदान."

पेन उघडं आहे. बाहेर
कुणीतरी दार ढकलतंय, वाऱ्याने उघडत नाही.